वाढदिवसाचं टेबल

आपला पन्नासावा वाढदिवस म्हणून बाईंनी स्वतःच चांगल्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं. तिथे नीटनेटक्या कपड्यांशिवाय आत सोडत नाहीत, हे नवऱ्याला बजावून सांगितलंही होतं. तरी स्वारी उगवली ती थेट सायकलच्या मित्रमंडळींतून, अंगाला चिकटलेली काळी चड्डी, घामाने निथळणारा पोपटी टी-शर्ट आणि डोक्यावर हेल्मेट अशा थाटात.

मॅनेजरने दारातच नम्रपणे अडवलं, तसा नवरोबांचा पारा चढला.

"कपड्यांवरून माणसाची किंमत करता? साठ किलोमीटर सायकल मारून आलोय मी. धमक लागते त्याला."

आसपासचे लोक हातातले चमचे हातातच धरून बघायला लागले.

बाई आतून सगळं ऐकत होत्या. ऑफिसच्या प्रत्येक पार्टीला निघताना "हे घालून माझी अब्रू घालवणार आहेस का?" असं म्हणून त्यांना कपडे बदलायला लावणारे ते हेच गृहस्थ होते.

"माझी बायको बसलीये तिथे, तिलाच विचारा," असं म्हणत नवऱ्याने त्यांच्याकडे बोट दाखवलं.

मॅनेजर अवघडून टेबलापाशी आला. "मॅडम, ते आपले मिस्टर आहेत का?"

बाईंनी दाराकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि मेनूकार्ड उघडलं.

.

.

"नाही हो, मी एकटीच आलेय. आणि ते दार तेवढं लावून घ्या."