फियाटचं ऑइल

गुडघ्यांमुळे बाबांना गाडीखाली शिरता येत नसे. म्हणून दर डिसेंबरला मस्कतहून सुट्टीवर आलो की फियाटचं ऑइल मीच बदलायचो. चौऱ्याण्णव साली सुट्टीवर यायचा कंटाळा केला आणि मित्राबरोबर एक हातपंप पाठवून दिला. ऑइल मोजायची पट्टी काढायची, त्या भोकातून नळी आत सोडायची आणि जुनं ऑइल वरूनच ओढून घ्यायचं. गाडीखाली झोपायला नको, की माझी वाट बघायला नको.

आठवड्याने फोनवर बाबा म्हणाले, "तुझा पंप काही ओढत नाही रे."

"नळी तळापर्यंत सोडलीत का?"

"सगळं करून बघितलं. गाडी तशीच उभी आहे. तूच ये."

चरफडत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगखाली गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरलो. बाबा शेजारीच उभे होते. मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या. त्यांनी नेहमीसारखा पाना खाली सरकवला. मी नट सोडला.

वर्षभराचं ऑइल डांबरासारखं काळं पडतं. हे पडलं ते करडईच्या तेलासारखं, पिवळंधमक. पंपाने जुनं ऑइल केव्हाच काढून टाकलं होतं.

चपला जरा पुढे सरकल्या.

"फार काळं झालंय का रे?"

"खूपच, बाबा," मी म्हणालो. "हे पंपाचं काम नाही."