बोटीचं पांघरूण

कापडाचं एक टोक दातांत धरून रावजी शिडी चढला. बोटीवर लांबीत एक बांबू टाकलेला होता, घराच्या आढ्यासारखा. त्यावरून त्याने कापड पलीकडे सोडलं आणि दोन्ही टोकांना हातभर फट ठेवली. बोट गच्च गुंडाळली की ती आतल्या आत घामेजते आणि बुरशी धरते. प्लास्टिकला तर त्याने या शेडचा उंबरा कधी ओलांडू दिला नव्हता. त्याच्या देवगडकडे पावसाळ्याआधी होड्या झावळ्यांनी शाकारतात, तिथलीच ही अक्कल.

शेड बहारीनमधल्या तुबलीत, गॅरेजांच्या रांगेत शेवटची. उन्हाळाभर बारीक धूळ दाराच्या फटींतून आत यायची, आणि हिवाळा लागला की दमट हवा. म्हणून दर हिवाळ्याच्या तोंडाशी जुनं कापड काढायचं, बोट गोड्या पाण्याने पुसायची, वारा लागू द्यायचा आणि धुतलेलं कापड पुन्हा चढवायचं. रावजीच्या व्हिसावर कामच ते होतं, बोटीची देखभाल. ती बोट होती म्हणून रावजी बहारीनमध्ये होता.

पूर्वी हे पांघरूण हिवाळ्यापुरतंच असे. थंडी ओसरली की मालकाचा मुलगा खलील येई, "यल्ला, रावजी!" म्हणत एका झटक्यात कापड ओढून काढी, आणि दोघे समुद्रावर जात. मिळालेल्या हमूर माशाचं कालवण रावजी बोटीवरच करायचा, गावाहून बायकोने, रखमाने बांधून दिलेली तिरफळं घालून. खलीलच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी तो वाटी पुढे करायचा. पंचाहत्तर साल असेल ते. त्या दिवसांची आठवण आली की रावजीचं मन अजून हळवं होई. परमुलखात त्याला कुणी भावासारखं वागवलं असेल तर त्या पोराने.

मग रावजी रजेवर गावी असताना खलील एकटाच गेला. बोट लाटांवर हेलकावत सापडली, खलील सापडला नाही. तेव्हापासून बोट शेडमध्ये आली ती पुन्हा पाण्यात उतरली नाही.

पांघरूण मात्र चुकलं नाही. खलीलचे वडील, हाजी जासिम, त्या दिवशी न चुकता येत. मोत्यांच्या व्यापारात त्यांची उमेदीची वर्षं मुंबईत गेली होती. हिंदी अशी बोलत की गिरगावातला दुकानदार वाटावा. दारापाशी खुर्ची टाकून ते काम संपेपर्यंत बसून राहत. पण बोटीला त्यांनी कधी बोट लावलं नाही, की दारातून दोन पावलं पुढे आले नाहीत. रावजीला त्याचं नवल वाटलं नाही. गाभाऱ्यातल्या मूर्तीला आपण हात लावतो थोडेच? लांबूनच हात जोडतो. मुलाची एवढीच खूण उरलेली, म्हाताऱ्याचा जीव तिच्यात अडकलेला.

शेवटची गाठ बसली की हाजी विचारत, "आणखी काही, रावजी?"

"काही नाही, हाजी. खलास."

त्यावरही ते थोडा वेळ बसत, मग काठी टेकत उठत.

खरं म्हणजे रावजीला सांगायचं पुष्कळ होतं. गावी रखमा एकटी होती. लेक सासरी गेली होती, कौलं गळत होती, रखमाला डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं. मागच्या रजेत ती म्हणाली होती, "तुमका होडयेच्या पांघरुणाची काळजी असा, घरच्या कौलांची नाय." रावजीला ते फार लागलं. पैशांचा हव्यास त्याला नव्हता. घरी जाऊन दोघांनी ओटीवर बसून पेज जेवावी, एवढंच त्याचं मागणं. दर वर्षी तो वाक्य घोकून ठेवी, हाजी, आता मला कायमचं घरी जाऊ द्या. आणि दर वर्षी खुर्चीतला तो वाकलेला म्हातारा पाहिला की वाक्य मनातच राही. ज्याचा मुलगा गेला, त्याच्या मुलाच्या बोटीवरचं पांघरूण कुणी काढून न्यावं? असं करता करता एक तप उलटलं.

या उन्हाळ्यात हाजी गेले.

आज त्यांची मुलगी महमुदा आली होती. ईसा टाउनच्या शाळेत ती शिकवायची. लहानपणापासून रावजीला ओळखणारी, वडिलांसारखीच हिंदी बोलणारी. तीही दारापाशीच बसली. आज बोलायचंच, असं रावजीने सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं. त्याने शेवटची गाठ मारली, हात पुसले आणि वळला. महमुदा बोटीकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

झालं. रावजीचं पाणी पाणी झालं. रखमाने आणखी थोडी कळ काढावी, दुसरं काय.

"काळजी करू नको, बेटी," तो म्हणाला. "हाजींचा जीव होता या बोटीत. ती आहे तोवर मी आहे."

महमुदाने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"रावजीभाई, बाबांना ही बोट डोळ्यांसमोर नको होती," ती म्हणाली. "इथून परत आले की दोन दिवस जेवायचे नाहीत. खलीलभाई गेला त्याच वर्षी ते ही विकायला निघाले होते. पण बोट गेली की तुमचा व्हिसाही जाणार. म्हणाले, खलीलच्या दोस्ताच्या पोटावर मी पाय देणार नाही. तो आपल्या तोंडाने घरी जातो म्हणेल, त्या दिवशी विकू. तेवढं एक ऐकायला ते दर हिवाळ्यात इथे येऊन बसायचे."