सोफ्याकडचे आणि पियानोकडचे

ओव्हनची घंटी टिंग करून वाजली आणि बैठकीतली शांतता भंगली. कुकीज झाल्या होत्या. कुणी जागचं हललं नाही.

जनेल हृश्काच्या बैठकीत त्या संध्याकाळी ती धरून दहा मतदार होते, आणि तीन कॅमेरे. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायची देशातली पहिली फेरी आयोवा राज्याची, आणि या गावाची फेरी कुणाच्या तरी घरातच व्हायची. मत द्यायचं म्हणजे आपल्या उमेदवाराच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. सोफ्याकडे हॅडलीबाईंचे चार. पियानोकडे ब्रँटचे सहा.

तालुक्यातला बंद पडलेला प्रसूतिकक्ष पुन्हा उघडायचा शब्द हॅडलीबाईंनी दिला होता. जनेलला पाचवा महिना होता. ती तरातरा पियानोकडे गेली.

"ऑर्व्हिलकाका, चला तिकडे."

"का म्हणून? ब्रँट माझ्या शेतात येऊन मका बघून गेला. तुझी बाई फिरकली का?"

"नाही फिरकली. पण प्रसूतिकक्ष बंद म्हणून माझी टेस भर बर्फात गाडीत जन्मली, तेव्हा टॉर्च कुणी धरला होता?"

म्हातारा म्हणाला, "हात काय कापत होते तेव्हा! आता तर धरवणारच नाही." त्याने टोपी उचलली आणि हळूहळू गालिचा ओलांडून सोफ्यापाशी येऊन उभा राहिला.

पाच-पाच!

"बरोबरी. आता नाणं," पोस्टातली लोइस म्हणाली. तीच आजची अध्यक्ष. "छापा हॅडली, काटा ब्रँट. नंतर कुरकुर नको हं कुणाची."

नाणं उडालं, लोइसच्या हातातून निसटलं आणि गडगडत पियानोखाली गेलं. एक कॅमेरावाला चक्क पालथा पडला. पण पाच वर्षांची टेस त्याच्याआधी आत शिरली होती.

"छापा! आई, छापा!"

जनेलने काकांना मिठीच मारली. पियानोकडच्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात झगझगीत दिवे लागले. जनेलच्या पडद्यांपुढे उभी राहून वार्ताहर बाई साऱ्या देशाला सांगू लागली, "आयोवाच्या या गावानं खूप विचार करून कौल दिलाय! हॅडलींची लाट आलीय! पुढची राज्यं आता याच वाटेनं जाणार!"

जनेलचे डोळे भरून आले. टेसने तिची बाही ओढली.

"आई, काटा पडला असता, तर मग तुम्ही सगळ्यांनी कुठला विचार केला असता?"