तो ढग कोणाचा

दार फुगून चौकटीत बसेनासं झालं होतं, म्हणून उघडंच होतं. वैमानिक आत आला तेव्हा त्याची थोरली बहीण उकिडवी बसून पत्र्याच्या तुकड्याने फरशीवरचा चिखल खरवडत होती. भिंतींवर कमरेच्या उंचीला पाण्याची तपकिरी रेघ उमटली होती.

"ये भिंगऱ्या," ती म्हणाली. लहानपणी तो एका जागी ठरायचा नाही म्हणून हे नाव तिनेच ठेवलं होतं.

बसायला काही नव्हतं. खुर्च्या अंगणात उलट्या करून वाळत ठेवल्या होत्या. तो तिच्याशेजारीच टेकला.

"भावोजींना शेवटचं बघायलाही पोचता आलं नाही गं. सगळे रस्ते बंद होते."

"माहितीये. तेव्हा तुला टीव्हीवर दाखवत होते."

त्याने मान खाली घातली. दोन वर्षं कोरड्या पडलेल्या तलावाच्या भागात त्याच्या विमानाने ढगांत मिठाची पूड सोडली आणि पाऊस कोसळला. विमानाच्या पंखाला टेकून तो हसत हसत म्हणाला होता, "एकेका ढगात लाखो टन पाणी नुसतं लटकत असतं. आम्ही त्याला खाली यायची वाट दाखवतो." घरोघरी तेच दाखवत होते.

"त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला," बहीण खरवडता खरवडता सांगू लागली. "म्हणालास, ताई, आज तुझ्या डोक्यावरूनच जाणार आहे, कपडे वाळत घालू नकोस. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, बघूच तुझ्या भावाची करामत."

"ताई..."

"ऐकून घे. तळघरात यांच्या बाइंडिंगच्या कामाला शाळेची पुस्तकं आली होती. पाऊस वाढला तसे हे गठ्ठे वर उचलून ठेवायला खाली गेले. गल्लीतलं पाणी खिडकीतून धाडकन आत घुसलं. कागद पाणी पितो रे. गठ्ठे फुगले, मांडण्या मोडल्या, सगळं दारावर येऊन पडलं. हे आतून हाका मारत होते आणि मी बाहेरून ढकलत होते. दार तसूभर हललं नाही." तिने पत्र्याला चिकटलेला चिखल बादलीच्या काठावर निपटला. "तू वरच्या पाण्याचं वजन सांगत होतास ना? खाली आल्यावर ते किती होतं, ते मला कळलं."

तिने हातातलं काम थांबवलं.

"एकच विचारते. खरं सांग. तो ढग तुझा होता का?"

"नाही गं!" तो घाईघाईने म्हणाला. "तो आपला आपणच आला होता. चांगला भरलेला होता. आम्ही गेलो नसतो तरी तो फुटलाच असता. आमच्या चिमूटभर मिठाने कुठे एवढा पाऊस पडतो? थेंबभर जास्त पडला असेल, असंसुद्धा कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमचे साहेबही खासगीत हेच म्हणतात."

"आईशपथ?"

"आईशपथ."

तो खोटं बोलत नव्हता. ते त्याच्या आवाजावरूनही कळत होतं. बहिणीच्या हातातला पत्रा गळून पडला.

"माझ्या डोक्यात तेच घोळत होतं रे," ती म्हणाली. "म्हटलं, यानेच पाडला असेल तर याचं तोंड मी कसं बघू? तूच एक उरलायस मला." आणि नवरा गेल्यापासून एकदाही न रडलेली ती बाई भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. त्याचा पांढरा सदरा चिखलाने माखला. त्याने तिला थोपटलं. त्याच्याही डोळ्यांना धारा लागल्या.

तेवढ्यात चढावरच्या घरातल्या काकू चहाची किटली घेऊन आल्या. बहिणीची चूल अजून पेटत नव्हती, दोन्ही वेळचं त्याच पाठवत होत्या. किटली खाली ठेवताना त्यांचं वैमानिकाकडे लक्ष गेलं आणि त्या थबकल्या.

"अगं बाई, टीव्हीवरचे साहेब तुम्हीच ना? अशा घरात बोलू नये, पण राहवत नाही म्हणून बोलते." त्यांनी हात जोडले. "दोन वर्षं आम्ही टँकरच्या मागे धावत होतो. माझ्या सुनेचं पोट त्या घागरी वाहूनच पडलं. काल नळाला पाणी आलं आणि ती पोर नळाशी बसून रडली. तुमचे उपकार कसे फेडायचे, सांगा."

वैमानिक उठून उभा राहिला. डोळे पुसले, सदरा झटकला.

"उपकार कसले, काकू? आमचं कामच आहे ते," तो म्हणाला. आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्याला आणखी बोलावंसं वाटलं. "अजून एक-दोन फेऱ्या मारतोय आम्ही. तलाव काठोकाठ भरून देतो. काळजीच करू नका."

"औक्षवंत व्हा," काकू म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावत निघून गेल्या.

बहिणीने कपात चहा ओतला. कप त्याच्यापुढे धरला.

"तलावात पडला तो तुझा," ती म्हणाली. "आणि माझ्या घरात पडला तो आपला आपण आला."

"ताई, तसं नाही गं. त्या म्हाताऱ्या बाईला मी काय सांगणार होतो? तिचं मन मोडायचं म्हणजे..."

"घे. निवतोय."

त्याने कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. बहिणीने पत्रा उचलला आणि पुन्हा खाली बसली. खरवडत खरवडत ती त्याच्या पायांपर्यंत आली.

"सरक," ती म्हणाली.