लाडके ठोकळे

वर सातवा, शेवटचा स्लॅब टाकणं चाललं होतं आणि मी, साइट मॅनेजर, खाली बसून सहा लोखंडी साच्यांत काँक्रीट भरत होतो. हे ठोकळे प्रयोगशाळेत दाबून बघतात आणि ते टिकले की इमारत पास. म्हणून त्यांचा माल वेगळा कालवलेला, दुप्पट सिमेंटचा. बाळंतिणीचे लाडूसुद्धा इतक्या मायेनं कुणी वळत नसेल.

“आणि स्लॅबच्या मालाचं काय?” मुकादम यल्लप्पानं विचारलं.

“त्यात सिमेंट हात राखून. शेठचा हुकूम आहे. स्लॅब काय प्रयोगशाळेत जाणार आहे?”

अठ्ठावीस दिवसांनी अहवाल आला. ठोकळे पहिल्या वर्गात पास झाले होते. शेठनी पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

“घाटपांडे, मॅनेजर असावा तर असा! याच इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट तुम्हाला बक्षीस. बायकापोरांना घेऊन राहायला या.”

मी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. डोक्यावर सात स्लॅब येणार होते, सगळे मीच हात राखून टाकलेले.

“शेठ, फ्लॅट राहू द्या,” मी म्हणालो. “त्या ठोकळ्यांत राहायची काही सोय होईल का?”