देवखाडीचं पापलेट

"सक्करदऱ्याचे मासे अहवालातून काढून टाक," वसंत सर म्हणाले. "बाकी सगळं राहू दे."

"नाही काढणार."

रितिकाने खुर्चीसुद्धा ओढली नाही. उभ्यानेच बोलली.

किनाऱ्यावरचं पापलेट सगळं एकच, इकडचं संपलं तर तिकडून येईल, असं आजवर सगळे धरून चालले होते. रितिकाने नागपूरच्या या प्रयोगशाळेत बंदराबंदरातल्या माशांचा डीएनए तपासला आणि ते खोटं ठरवलं. देवखाडीचं पापलेट वेगळ्याच कुळीचं निघालं. बाहेरचा मासा तिथे येऊन अंडी घालत नाही. तिथलं संपलं की संपलं. म्हणून सरकारने त्या खाडीत मासेमारी बंद केली होती.

तरी कोणीतरी चोरून जाळी टाकत होतं. ते कळलं नागपुरातच. शहरातल्या दुकानांमधून आणलेली पापलेटं तिने सहज तपासली, तर सक्करदऱ्याच्या एका दुकानातला माल थेट देवखाडीचा निघाला. उद्या मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांपुढे ती हे मांडणार होती. दुकानाच्या नावासकट.

"खाडीचा मासा वेगळा, हे सिद्ध झालं ना? झालं तर मग. त्या दुकानाच्या मागे काहून लागून राहिली तू?"

"नाव दिलं तरच माल पाठवणारा सापडेल, सर."

"दुकानाचा परवाना जाईल. कुलूप लागेल. कोणाचं तरी घर चालते त्याच्यावर."

"आणि देवखाडीतली घरं?" रितिकाचा आवाज चढला. "माझ्या शब्दावर होड्या ओढून ठेवल्या त्यांनी. भर सभेत एक म्हातारी मले म्हणाली, पोरी, आम्ही बसून राहू, पण दुसऱ्या कोणी नेलं तर? मी म्हटलं, नेणाऱ्याले मी सोडणार नाही."

टेबलावरचा तिचा फोन थरथरला. तिने न बघताच तो पालथा घातला. सरांनी ते पाहिलं.

"घरी गेली होती का इतक्यात?"

"काम आहे. हॉस्टेललाच राहते." ती पुढे वाकली. "सर, खरं सांगा. व्यापाऱ्यांचा दबाव आहे ना तुमच्यावर?"

सरांनी चष्मा काढला. त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काम करून तिने असा प्रश्न कधी विचारला नव्हता. ते उठले, दार लोटून आले.

"कोणाचा दबाव नाही—" ते अडखळले. "रितिका, मी काल सक्करदऱ्याले गेलो होतो. म्हटलं, पाहून तर यावं कोणाचं दुकान आहे. गल्ल्यावर यमुताई बसल्या होत्या. तुझी आई. पाटी तुझ्या मामाच्या नावाची, म्हणून तुझ्या ध्यानात आलं नसेल. मासे आणायला तू कोणाले तरी पाठवलं असशील. अजून कोणाले माहीत नाही. तू काढून टाक, मी विषय बंद करतो."

रितिकाने टेबलावरचा अहवाल उचलून छातीशी धरला.

"कोणाले पाठवलं नव्हतं, सर. मीच गेली होती. लेक खाईल म्हणून सगळ्यात ताजे मासे आईनंच निवडून दिले."