इंचभर कमी

तिने कापडी पट्ट्यांची पिशवी काउंटरवर आपटली. "साठ इंच लिहिलंय, एकोणसाठ भरतात. बाराच्या बारा."

गोधडीचे संच विकणारं ते छोटं दुकान. चौकोन, कडेच्या पट्ट्या, सगळं कापून तयार. घरी नेऊन फक्त जोडायचं. तिने संच बाबांसाठी नेला होता. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस नुसता खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरत होता. हाताला काम मिळालं तर घराला जरा श्वास घेता येईल, एवढीच तिची अपेक्षा. पण बाबांनी सुईत दोरा ओवण्याआधी गळ्यातला टेप काढला. त्यांचं शिंप्याचं दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली, टेप गळ्यातून उतरला नव्हता. पहिली पट्टी मोजली, दुसरी मोजली, आणि बाराव्या पट्टीला त्यांचं डोकं फिरलं.

सगळे एकाच माळेचे मणी, ते म्हणाले. मग नेहमीप्रमाणे गाडी काकांवर आली. या सख्ख्या धाकट्या भावाने त्यांच्याच दुकानात बसून ताग्यामागे फूटभर कापड खाल्लं होतं. मिलची चिठ्ठी वीस मीटर म्हणायची, बाबांचा हाच टेप फूटभर कमी. काकांनी शपथा घेतल्या. बाबांनी त्यांना चारचौघांत दंडाला धरून दुकानाची पायरी उतरवली. माणूस खोटं बोलतो, टेप बोलत नाही, असं वर ऐकवलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर काकांचं नावसुद्धा घरात शिवीसारखं निघायचं.

आज तेच वाक्य तिने दुकानात ऐकवलं, आणि पुरावा म्हणून बाबांनी सोबत दिलेला त्यांचा टेप पुढे टाकला.

संच कापणारी बाई आतून बाहेर आली. तीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. आपल्या कात्रीवर कुणी बोट ठेवावं हे तिला झोंबलं होतं. तिने काउंटरच्या कडेला ठोकलेल्या पितळी मोजपट्टीवर कापड अंथरलं. बरोबर साठ. मग त्यावर टेप ठेवला. टेपचा साठाचा आकडा मोजपट्टीच्या साठापुढे इंचभर बाहेर गेला.

"कापड बरोबर आहे, ताई. टेप ताणलाय. ओढून ओढून मोजलं की वर्षानुवर्षं वाढतच जातो."

तिचा विश्वास बसेना. तिने दुकानातला नवा टेप मागून घेतला, पुन्हा मोजलं. साठच. ती तावातावाने म्हणाली की बाबांनी चाळीस वर्षांत एकही शर्ट बिघडवला नाही. बाईने खांदे उडवले. अंगाचं माप याच टेपने घेतलं, कापडही याच टेपने कापलं, मग बिघडणार कसा?

ती घरी आली ती तणतणतच, पण आता राग कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं.

"चोरी कबूल केली का?" बाबांनी दारातच विचारलं.

तिने त्यांचा जुना टेप आणि दुकानातून विकत आणलेला नवा, दोन्ही त्यांच्या मांडीवर शेजारीशेजारी पसरले. "बाबा, काकांनी काहीच घेतलं नव्हतं."

बाबांनी जुना टेप चिमटीत धरला, सोडला, पुन्हा धरला. इंचभर लोंबणाऱ्या टोकावरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा लाल झाला. ते ओरडतील म्हणून तिने कंबर कसली. खरं तर तिलाच ओरडायचं होतं. सव्वीस वर्षं एका माणसाला चोर म्हणालात, एकदा दुसरा टेप आणून मोजलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण बाबा हळूच म्हणाले, "तागे मोजताना तूही होतीस."

होती. चौदा वर्षांची होती. टेपचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं. आकडा कमी भरला की बाबा म्हणायचे, पुन्हा मोजू, ढिला सोडू नकोस, ओढ. आणि काका समोर उभे असताना, दातओठ खाऊन, तिने तो ओढला होता.